एका वेळी एकच

३ सप्टेंबर २०२४

आज रंग आला.

उंबराच्या पानांचा काढा गाळून घेतला की लिंबाच्या सरबताइतका फिकट दिसतो. त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं आणि जेवून येईपर्यंत बीकरमध्ये कोरा चहा तयार. तपकिरी झालं म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण बनले, नॅनो म्हणतात ते. हे कण कॅन्सरच्या पेशींवर सोडायचे आणि त्या मरतात का ते पाहायचं, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय. वय सेहेचाळीस, कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, आणि गाईड माझ्याहून लहान. मी त्यांना अनिमेष सर म्हणतो, ते मला पायस सर म्हणतात, आणि दोघंही अवघडतो. लॅबच्या वहीत मनातलं लिहायची सोय नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

तुळस, कडुनिंब, शेवगा, पेरू, सगळ्यांवर कोणी ना कोणी पेपर लिहून मोकळं झालंय. कोणी न उकळलेलं झाड शोधणं म्हणजे उंबराचं फूल शोधणं. उंबरावरही पेपर होतेच, पण खाडीकाठच्या उंबरावर नव्हते. ठाण्याला आमच्या जुन्या घरामागे विहीर आहे आणि विहिरीवर उंबर. अनिमेष सर म्हणाले, चालेल, खाडीचं वैशिष्ट्य म्हणून लिहू.

पानं काढायला गेलो तेव्हा स्टेलाबाय ओट्यावर बसली होती, डोक्याला ओढणी बांधून. माझी थोरली बहीण. छातीत गाठ निघाली, दोन केमो झाल्या, केस गेले. भावोजी डिनो जहाजावर, मुलगी स्वीडल ऐरोलीला नोकरीला, फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलेलं, त्यामुळे दर तिसऱ्या मंगळवारी शेजारची सरोज तिला हॉस्पिटलात नेते. आधी केमोने गाठ आटवायची, मग ऑपरेशन, असं ठरलंय. गाठ वेळेत सापडली हे डॉक्टर दोनदा म्हणाले. मी घरी येऊन बायकोला, व्हेनेसाला, ते तिसऱ्यांदा सांगितलं.

१० सप्टेंबर

पेशींचे निकाल आले. उंबर-चांदीने कॅन्सरच्या पेशी मेल्या. पण शेजारी ठेवलेल्या चांगल्या पेशीही मेल्या. चांदी आपला-परका बघत नाही. आणि चांदीशिवाय नुसता उंबराचा काढा ज्यांना दिला, त्या कॅन्सरच्या पेशी टुणटुणीत. काढा न दिलेल्या शंभराला एकशेचार. म्हणजे काढा पिऊन वर चार घरं वाढवली त्यांनी.

अनिमेष सर म्हणाले, चांगल्या पेशींचं परिषदेच्या पोस्टरवर नको, थीसिसमध्ये बघू. मी बरं म्हटलं.

१५ सप्टेंबर

पोस्टरला दुसरं बक्षीस. स्वीडलने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला: ‘मामाने कॅन्सरवर औषध शोधलं, तेही आपल्या उंबरापासून.’ मी लांबलचक खुलासा लिहायला घेतला. लॅबच्या बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा, वगैरे. मग तो पुसला आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. इतकी वर्षं ग्रुपवर माझं नाव फक्त वाढदिवसाला निघायचं.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चमधला मास आटोपून ठाण्याला गेलो. ‘उंबराचं फूल आला,’ म्हणून बायने स्वागत केलं. मंगळवारी तिसरी केमो झाली, तेव्हापासून पोटात काही ठरत नाही. तरी मला बोंबील तळून घातले, स्वतः नाक दाबून.

जेवता जेवता विचारलंच तिने. आपल्या विहिरीवरच्या उंबराने कॅन्सर मरतो, हे खरं का? मी म्हटलं, बशीत मरतो. औषध व्हायला वीस वर्षं, झालं तर. तिने उरलेल्या भातावर झाकण ठेवलं. मग खिडकीतून विहिरीकडे बघत म्हणाली, “स्वीडलच्या उंबराच्या पाण्याला मना घागर उचलायचीय, पायस. अशी बोडकी नाय.”

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जायचं, मामाने पाणी शेंदायचं, घागरीत उंबराची डहाळी घालायची आणि नवरीच्या आईने ती डोक्यावरून घरी आणायची. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बायच्या लग्नात आईने आणलेली घागर मला आठवते. मी तेव्हा बँडवाल्याच्या पायात पायात करत होतो.

घरी येईपर्यंत ते भातावरचं झाकण डोळ्यांसमोरून हललं नाही.

२५ सप्टेंबर

उपाय सापडला. इतका सोपा की माझंच मला हसू आलं.

चांदी घालायचीच नाही. नुसता काढा द्यायचा. त्याने पेशींचं काही वाकडं होत नाही, हे माझ्याच निकालात आहे. विष नाही, गुण नाही, फक्त समाधान. पानं धुऊन उकळली, दोनदा गाळली, तपकिरी बाटलीत भरली. बाटली तपकिरी असल्यावर आतलं पिवळं कोणाला दिसतंय? हॉस्पिटलचं चालूच आहे, तेव्हा बिघडतंय काय.

व्हेनेसाला सांगितलं नाही. ती प्रश्न फार विचारते.

२९ सप्टेंबर, रविवार

बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. बायने ती मारियामायच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं तिने मला नोकरी लागली तेव्हाही केलं नव्हतं.

सरोजही होती. बायने चांगला प्रश्न विचारला: हे आणि हॉस्पिटलातलं, दोन्ही एकदम घेतलं तर एकमेकांत भांडत नाहीत ना? मला कौतुक वाटलं. टी.वाय.ची पोरं असलं विचारत नाहीत. मी सविस्तर समजावलं की प्रयोगात आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, दोन एकदम घातल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. हा सगळ्या विज्ञानाचा पाया आहे. दोघी मन लावून ऐकत होत्या. सरोज म्हणाली, पायसदादा शिकवतात किती सोपं करून.

परतताना फार हलकं वाटलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज चौथी केमो. दुपारी फोन केला तर सरोजने उचलला. नंबर यायचाय म्हणाली. मागे एवढा गलका की ऐकू येईना, कोणीतरी पिना-बांगड्या ओरडून विकत होतं. हॉस्पिटलांचाही आता बाजार झालाय, जांभळी नाका बरा.

संध्याकाळी बायशी बोललो. आवाज ठणठणीत. उलटी नाही, मळमळ नाही, पोळ्या लाटत होती. मागच्या तिन्ही वेळी केमोनंतर ती तीन दिवस कॉटवरून उठली नव्हती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आजच्या केमोनंतरही तेच. उलट संध्याकाळी सरोजबरोबर दिवाळीच्या करंज्या भरायला बसली. मी डॉक्टरांनी औषध बदललं का विचारलं, तर म्हणाली, ‘तसंच कायतरी.’ मग म्हणाली, बाटली संपत आली.

मी दोन बाटल्या भरून दिल्या. का कोण जाणे, पानं थोडी जास्त घातली.

१७ नोव्हेंबर, रविवार

बायचे केस येतायत.

तिने स्वतः ओढणी काढून दाखवलं. मऊ, करडी लव, सगळ्या डोक्यावर. माझा हात धरून फिरवून घेतला. केमो चालू असताना केस येतात? मी काही डॉक्टर नाही, पण जे वाचलंय त्यात तरी असं नाही. वजन वाढलंय, तोंडाला चव आलीय, गालांवर रंग आहे. हे सगळं बाटली सुरू केल्यानंतरचं.

रात्रीच्या जेवणाला व्हेनेसाला सगळं सांगितलं, बाटलीसकट. ती भडकेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, तिच्या मावशीचे केस केमो संपल्यावर दोन महिन्यांनी आले होते, आणि बायची तर चालू आहे ना? मी म्हटलं, तेच तर. ती म्हणाली, कावळा बसायला आणि फांदी तुटायला, पायस. एकदा तूच जाऊन डॉक्टरांना भेट. मला राग आला. घरात कोणी काही चांगलं बघितलं की हिला त्यात खोट काढायची सवयच आहे.

२ डिसेंबर

अनिमेष सरांना न सांगता नुसता काढा पुन्हा तपासायला पाठवला होता, या वेळी दुप्पट दाट. आज निकाल. एकशेतीन. पेशी मजेत.

पण बशीत यकृत नसतं, रक्त नसतं. शरीरात गेल्यावर काढ्याचं कशात तरी रूपांतर होत असेल. असं पूर्वीही झालंय, काही औषधं पोटात गेल्यावरच औषधं होतात. मी हे कोणाशी बोलणार नाही. पण शक्य आहे. आज पत्रीपुलावर रिक्षा अडकली आणि मी चक्क हसत बसलो होतो.

२५ डिसेंबर

नाताळ ठाण्याला. बायने आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळले, विंदालू केलं. केस आता बोटात धरता येतात. कढई उतरवताना उजवा हात एकदम खाली घेतला आणि ओठ चावला. काखेत अवघडलंय म्हणाली, मसाले कुटले ना. मी म्हटलं, लग्नाला अवकाश आहे, दम खा. डिनो भावोजी जहाजावरून फोनवर रडले, बायकोला एवढी छान बघून.

ऑपरेशन कधी, असं विचारलं. लग्नानंतर बोलवलंय म्हणाली.

७ फेब्रुवारी २०२५

आज उंबराचं पाणी झालं.

बँड, फुगड्या, म्हाताऱ्या बायकांची गाणी. बाय लाल लुगड्यात, आखूड कुरळ्या केसांत अबोलीचा गजरा. केस पूर्वी सरळ होते, आता कुरळे आलेत, तिला तेच जास्त आवडतात. मी पाणी शेंदलं, घागरीत डहाळी घातली. उजवा हात तिचा वर गेला नाही, म्हणून सरोजने आधार दिला आणि घागर डोक्यावर चढली. मग ती चालली. नुसती चालली नाही, बँडच्या पुढे नाचली. डिनो भावोजींना मी इतकं हसताना पाहिलेलं नाही.

जो तो येऊन माझा हात हातात घेत होता. एकाने विचारलं, वसईला बहिणीकडे बाटली पाठवाल का. मी नाही म्हटलं, अजून संशोधन चालू आहे. पण ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मला आवडला.

उद्या स्वीडल आणि शेनचं लग्न. आई असती तर, असं सारखं मनात येतंय.

१९ फेब्रुवारी

लग्न संपल्यापासून बायची पाठ धरलीय. खोकलाही आहे. दगदग झाली. भावोजी कालच जहाजावर परत गेले. उद्या मी रजा घेऊन तिला हॉस्पिटलात नेतोय. ती आधी नको म्हणाली, मग बरं म्हणाली.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी फाईल उघडली आणि विचारलं, सप्टेंबरनंतर कुठे होतात? फोन केले, उचलले नाहीत. तीन केमो झाल्या, आणि मग एकही नाही.

मला वाटलं त्यांनी भलतीच फाईल काढलीय. नाव वाचलं. बाय माझ्याकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. स्कॅन केलं. पाठीचे मणके, यकृत, फुप्फुस. ऑपरेशनचा आता प्रश्न नाही, म्हणाले. दुखणं कमी ठेवू. सप्टेंबरमध्ये आशा चांगली होती, हेही म्हणाले. त्यांना ते म्हणायलाच हवं होतं का?

गाडीत मी तिला विचारलं, का केलंस असं. ओरडूनच विचारलं असणार, कारण सिग्नलवरचा माणूस वळून बघायला लागला. ती मुळीच चिडली नाही. पट्टा सैल करत म्हणाली, “तूच सांगितलंस ना. एका वेळी एकच. दोन घातली तर कशाने काय झाला ते कळत नाय.”

२१ फेब्रुवारी

केमोच्या मंगळवारी दोघी जांभळी नाक्याच्या बाजारात लग्नाची खरेदी करत होत्या. सरोजने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं तिला वाटतच नाही.

पिना-बांगड्या. मी ऐकलं होतं ते. आणि केसांवरून हात फिरवला होता. मी, रसायनशास्त्राचा मास्तर.

५ मार्च

राखेचा बुधवार. फादरांनी कपाळाला राख लावली. बायला घरी येऊन लावली. ती म्हणाली, गार वाटते.

व्हेनेसा माझ्याशी चांगलं वागतेय. एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च

अनिमेष सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे कुठे लिहू नका. मग म्हणाले, सुट्टी घ्या. थीसिस पुढे जाईल म्हणाले, चांदीचे आकडे चांगले आहेत.

ग्रुपवर मी स्पष्ट लिहिलं: बाटलीत औषध नव्हतं, कोणीही घेऊ नये. तेवीस जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, मोठी माणसं नेहमी नम्र असतात.

११ एप्रिल

आजचं लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

बाय आता कॉटवरच असते. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. जेवण जात नाही, पण बाटलीतले दोन चमचे मागते, आणि मी ते देतो. मीच उकळून आणतो. दुसरं काय देऊ शकतो मी?

दुपारी सरोज आली. दार लोटलं, कॉटच्या कडेला बसली आणि सांगितलं की तिलाही गाठ लागतेय, डाव्या बाजूला, महिना झाला. बायने लगेच उशीजवळची बाटली तिच्या हातात ठेवली. “याच्याकडूनच घे गो. हास्पिटलात नको जाव. मना बघ, केस आलं, भूक आली. मी उशिरा घेतला म्हणून, तू लवकर घेतेस.”

मी खोलीतच होतो. दोन मिनिटं तरी मी काही बोललो नाही. बायकडे तेवढंच उरलं होतं, की तिने बरोबर केलं. ते मी काढून घ्यायचं का? मग सरोजच्या हातातली बाटली घेतली आणि सांगितलं. यात नुसती पानं आहेत. चांदीही नाही. मी मुद्दाम घातली नव्हती. यातल्या कशानेच कॅन्सर जात नाही, बाय, हे तुला बाटली देण्याआधीपासून मला माहीत होतं.

बाय माझ्याकडे बघत राहिली. मग हात डोक्याकडे नेला, उजवा नाही, डावा.

“मग माझे केस?”

मी म्हटलं, केमो थांबवली म्हणून आले, बाय. भूकही त्यानेच लागली.

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी बराच वेळ तिच्या पाठीशी बसलो होतो, पाठीला हात लावायची हिंमत झाली नाही.

बाहेर अंगणात सरोजला हात जोडून म्हटलं, उद्याच माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल. ती शांतपणे म्हणाली, “दादा, स्टेलाताईचे हॉस्पिटलातले दोन महिने मी बघितलेत. आणि नंतरचे पाचही बघितलेत. ती नाचली.” मी म्हटलं, आणि आता? ती म्हणाली, जाणार तर सगळेच आहेत.

१४ एप्रिल

बाटली उशीजवळ भरलेली आहे तशीच आहे. तिने पुन्हा मागितली नाही. माझ्याशी बोलते, पाणी दे, खिडकी लाव, एवढंच. पायस म्हणून हाक मारत नाही.

१९ एप्रिल

बाय काल गेली. गुड फ्रायडेला घंटा वाजवत नाहीत, म्हणून तिच्यासाठीही वाजली नाही. स्वीडलने तिचे केस विंचरले. मला बाहेर जावं लागलं.

२७ एप्रिल

सकाळी ठाण्याला घर आवरायला गेलो. विहिरीवर जाऊन बघितलं. उंबराच्या खालच्या फांद्यांवर एक पान नाही. हात पोचतो तिथपर्यंत झाड ओरबाडलेलं आहे, त्याच्या वर हिरवंगार.

मी एकट्याने एवढी पानं कधी काढली नव्हती.

सरोजला हॉस्पिटलात न्यायला रिक्षा थांबवून ठेवली होती. तिचं दार बंद, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास येत होता, उंबराची पानं उकळताना येतो तो, तुरट. लॅबमध्ये कित्येक महिने तोच वास अंगाला घेऊन मी घरी जायचो.

दार वाजवलं. नाव घेऊन हाका मारल्या. आत भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा वाजवलं, पुष्कळ वेळ वाजवलं. तिने उघडलं नाही.